निर्लेखनाआधी एकदा झाकण उघडा

मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबवला. अनेक मोठ्या कंपन्यांनी त्याआधीच आपली यंत्रं बदलून घेतली. शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या जिल्हा परिषद शाळा, आश्रमशाळा, ग्रामपंचायती, वाचनालयं, पतसंस्था आणि सेवा केंद्रं यांच्यापुढे मात्र प्रश्न तसाच उभा आहे. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या उत्तरार्धापासून पुढचा प्रोसेसर लागतो. शिवाय टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय यंत्रात असावी लागते. इथे टेबलांवर जी यंत्रं दिसतात, त्यांतली बरीच त्याआधीची आहेत. काही देणगीतून आली, काही योजनेतून, काही कल्याणच्या बाजारातून जुनी म्हणूनच घेतलेली. कॅनालिस या संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज वर्तवला होता की, या एका निर्णयामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक कचऱ्यात जाऊ शकतात. त्या २४ कोटींत डोळखांब, किन्हवली, टोकावडे, सरळगाव इथलेही थोडे आहेत.

यावर तीन मतं ऐकू येतात. यंत्रं जुनी झाली, निर्लेखन करा आणि नवी मागा, हे पहिलं. त्यांत लिनक्स टाका, फुकट आहे आणि चालतं, हे दुसरं. तिसरं मत कुणी बोलून दाखवत नाही, पण बहुतेक ठिकाणी अमलात तेच येतं: चाललंय तसं चालू द्या. पहिल्या दोन मतांत तथ्य आहे आणि दोन्हींच्या मर्यादाही आहेत. तिसरं मात्र निव्वळ धोक्याचं आहे. ज्या यंत्रावरून लोकांचे आधार क्रमांक, बँक खात्यांचे तपशील आणि मुलांच्या नोंदी जातात, त्याला सुरक्षेची डागडुजीच मिळत नसेल, तर तोटा कार्यालयाचा होत नाही, दाखल्यासाठी रांगेत उभ्या असलेल्या माणसाचा होतो.

मत बनवण्याआधी इथला संगणक दिवसभर करतो काय, ते पाहायला हवं. वीस वर्षांपूर्वी त्यावर वर्ड, एक्सेल, टॅली आणि एमएस-सीआयटीचा सराव चालायचा. आज मुख्याध्यापक त्यावर यूडायस प्लसची माहिती भरतात, शालार्थवर पगारबिलं करतात. सेवा केंद्रात महाडीबीटीचे अर्ज, उत्पन्नाचे आणि जातीचे दाखले, डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा निघतो. विकास सोसायट्यांचं दप्तर एका सामाईक सॉफ्टवेअरवर नेण्याची योजना केंद्राने २०२२ मध्ये मंजूर केली. ही कामं आता बहुतांशी ब्राउझरच्या खिडकीतच होतात. त्यामुळे यंत्र कोणत्या सालचं आहे, यापेक्षा त्यावर आजचा ब्राउझर चालतो का आणि त्याला उद्याही सुधारणा मिळणार आहेत का, हे जास्त महत्त्वाचं. विंडोज ७ वर चालणारी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९; ती २०२३ च्या सुरुवातीला आली आणि तिथेच थांबली. फायरफॉक्सने त्याच जुन्या विंडोजसाठी आपली ११५ ही दीर्घ मुदतीची आवृत्ती पुढे बराच काळ सांभाळली. विंडोज १० वर आज दोन्ही ब्राउझर चालतात, त्यामुळे लगेच काही अडणार नाही. पण खालची जमीन खचत असताना वरचा मजला किती दिवस भक्कम राहणार?

जुनं यंत्र म्हणजे बिघडलेलं यंत्र, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. उन्हाळ्याची सुट्टी संपून जूनमध्ये शाळा उघडते. संगणक सुरू होतो, पण कोपऱ्यात तारीख दिसते दहा-बारा वर्षांपूर्वीची १ जानेवारी. ब्राउझर उघडावा, तर प्रत्येक संकेतस्थळ जोडणी सुरक्षित नसल्याचा इशारा देऊन अडतं. सुरक्षित संकेतस्थळाचं प्रमाणपत्र ठरावीक मुदतीचं असतं आणि या संगणकाच्या हिशेबाने ती मुदत अजून सुरूच झालेली नसते. दोष मदरबोर्डवरच्या सीआर २०३२ सेलचा. आकाराने रुपयाच्या नाण्याएवढा. तो संपला, की वीज गेल्यावर यंत्राला वेळ लक्षात ठेवता येत नाही. सेल बाजारात पन्नास रुपयांच्या आतबाहेर मिळतो. तो बदलायचा असतो हे ठाऊक असलेलं माणूस शाळेत नसतं, म्हणून जडसंग्रह नोंदवहीत त्या यंत्रापुढे ‘नादुरुस्त’ असा शेरा पडतो.

पावसाळ्याचंही तसंच. सह्याद्रीच्या पायथ्याला चार महिने भिंतींना ओल असते. रॅमच्या पट्टीवरच्या सोनेरी दातांवर मळ धरतो आणि संगणक नुसता बीप-बीप करत बसतो. पट्टी काढायची, दात खोडरबराने हलके घासायचे, खाच ब्रशने साफ करायची, पट्टी पुन्हा दाबून बसवायची. पुष्कळदा एवढ्यावर काम होतं. कॅबिनेटमध्ये पाल, मुंग्या, उंदराने कुरतडलेली वायर ही बिघाडाची नेहमीची कारणं. राहिला मंदपणा. त्याचं मुख्य कारण बहुतेक वेळा फिरती हार्डडिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली आणि रॅम ४ ची ८ जीबी केली, की दहा वर्षांचं यंत्र रोजच्या कामाला पुरेसं चपळ होतं. २०२५ च्या शेवटी मेमरीचे भाव जगभर चढले, तरी हा खर्च नव्या यंत्राच्या किमतीचा लहानसा भागच आहे.

म्हणून सरसकट निर्लेखनाला माझा विरोध आहे. निर्लेखन झालेलं यंत्र जातं कुठे, हेही विचारायला हवं. ई-कचरा व्यवस्थापनाचे सुधारित नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. टाकाऊ यंत्रं नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराकडे गेली पाहिजेत, अशी त्यामागची अपेक्षा. प्रत्यक्षात गावात पोहोचतो तो भंगारवाला. जुन्या काचेच्या मॉनिटरमध्ये शिसं असतं, सर्किट बोर्डांत इतर जड धातू असतात. तांब्यासाठी वायरी जाळल्या, की त्या धुराला तालुक्याची हद्द कळत नाही.

आता लिनक्सच्या बाजूने. लिनक्स मिंटसारखी वितरणं २ जीबी रॅमवर चालू शकतात आणि ४ जीबीवर बऱ्यापैकी चालतात. मिंटच्या २२ व्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षेच्या सुधारणा मिळणार आहेत. ज्या यंत्राला विंडोज ११ दारातच उभं करत नाही, त्याला इथे आणखी काही वर्षांचं आयुष्य विनामूल्य मिळतं. सी-डॅकने २००७ मध्ये आणलेली बॉस ही भारतीय लिनक्स प्रणाली भारतीय भाषा समोर ठेवूनच बनली. सरकारी कामकाजात ओपन सोर्सला प्राधान्य द्यावं, असं धोरण केंद्राने २०१५ मध्ये जाहीर केलं आहे. लिबर ऑफिस आणि फायरफॉक्स मराठीतून वापरता येतात आणि ते मराठीकरण मुख्यतः स्वयंसेवकांनी आपला वेळ देऊन केलेलं आहे. टंकलेखनाला इनस्क्रिप्ट आहे, गमभन पद्धतीची मांडणीही लिनक्समध्ये उपलब्ध आहे.

पण लिनक्सच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा माझ्या मते वेगळाच आहे. आपण तुलना करतो ती अधिकृत विंडोजशी. प्रत्यक्षात समोर काय असतं? कुणीतरी पेनड्राइव्हवरून टाकलेली बिनपरवान्याची विंडोज, ती चालू करण्यासाठी कुठून तरी उतरवलेला ‘ॲक्टिव्हेटर’ आणि त्या ॲक्टिव्हेटरसाठी बंद केलेला अँटिव्हायरस. मायक्रोसॉफ्टने संस्थांना विंडोज १० साठी वाढीव सुरक्षा सुधारणा विकत देऊ केल्या आहेत. शैक्षणिक संस्थांसाठी त्यांचा दर पहिल्या वर्षी यंत्रामागे अवघा एक डॉलर आहे. घरगुती वापरकर्त्यांनाही ऑक्टोबर २०२६ पर्यंत वर्षभराची मुदत मिळाली आहे. ज्यांच्याकडे परवाना आहे, त्यांनी ही सोय जरूर घ्यावी. ज्यांच्याकडे परवानाच नाही, त्यांच्यासाठी हे दार बंद आहे. शाळा, झेरॉक्सचं दुकान, पंचायत समिती असा फिरणारा पेनड्राइव्ह आणि त्यातला शॉर्टकट व्हायरस इथल्या प्रत्येक शिक्षकाने पाहिलेला आहे. फोल्डर गायब होतात, त्यांच्या जागी शॉर्टकट उरतात आणि निकालपत्रकं पुन्हा टाइप करावी लागतात. विंडोजसाठी लिहिलेला तो व्हायरस लिनक्सवर चालत नाही. चोरीचं सॉफ्टवेअर वापरायला मुलांना शाळेतच शिकवायचं नाही, ही गोष्टसुद्धा मला लहान वाटत नाही.

आता ज्यांनी लिनक्स वापरून पाहिलं आणि सोडलं, त्यांचंही ऐकायला हवं. त्यांच्या तक्रारी आळसातून आलेल्या नाहीत. सरकारी टेबलांवर वर्षानुवर्षं दिसणारा कॅनन एलबीपी २९०० हा छोटा लेझर प्रिंटर घ्या. तो कॅननच्या स्वतःच्या छपाई-भाषेत बोलतो आणि आजच्या लिनक्सवर त्याला बोलता करणं जिकिरीचं असतं. एचपीचे त्याच वर्गातले प्रिंटर तुलनेने लवकर चालतात, पण तिथेही वेगळी फाइल उतरवून बसवावी लागते. आधारसाठी बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि त्यांची नोंदणीकृत सेवा प्रामुख्याने विंडोज आणि अँड्रॉइड डोळ्यांसमोर ठेवून येते. डिजिटल स्वाक्षरीच्या टोकनचंही थोडंफार तसंच. सेवा केंद्र चालवणाऱ्या तरुणाने दाखल्यामागे मिळणाऱ्या थोडक्या रुपयांवर घर चालवायचं असतं. समोर रांग उभी असताना टर्मिनल उघडून आज्ञा टाइप करा, असं त्याला सांगणं हा सल्ला नव्हे.

मराठीपुरती आणखी एक अडचण आहे आणि ती खास आपली आहे. ग्रामपंचायतींची जुनी इतिवृत्तं, शाळांचे दाखले, पतसंस्थांचे अहवाल श्रीलिपी, आयएसएम अशा युनिकोडपूर्व फॉन्टांत टाइप केलेले आहेत. ते फॉन्ट नसलेल्या यंत्रावर ती फाइल उघडली, की रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. विंडोज सोडताना हा साठा मागे राहील, ही भीती खरी आहे. पण तो साठा विंडोजवरही सुरक्षित नाही. ती सॉफ्टवेअरं ज्या जुन्या यंत्रांवर बसवलेली आहेत, ती यंत्रंच आता मरणाला टेकली आहेत. रूपांतरक वापरून या फाइली युनिकोडमध्ये आणायच्या, जोडाक्षरं डोळ्यांखालून घालायची आणि ठराव-दाखले मुळाशी ताडून पाहायचे, हे काम वेळखाऊ आहे. संगणकप्रणाली बदला अगर बदलू नका, ते करावंच लागणार आहे. लिनक्सच्या विरोधातला हा मुद्दा मला म्हणूनच अर्धाच पटतो.

रोजगाराचा मुद्दा जास्त पटतो. मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत किंवा आसनगाव परिसरातल्या कारखान्यांत लिपिकाच्या जागेसाठी गेलेल्या मुलीला विचारतात ते एक्सेल आणि टॅली. तिने लिबर ऑफिस कॅल्कवर सूत्रं शिकली असतील, तर एक्सेल तिला थोड्या सरावाने येईल. तत्त्व तेच आहे. पण मुलाखतीत थोड्या सरावाला वेळ मिळत नाही. शहरातल्या मुलांना शाळेत एक आणि घरी दुसरं असं दोन्ही पाहायला मिळतं. शिरोळ-वाशाळ्याकडच्या मुलीच्या वाट्याला शाळेतलं तेवढंच यंत्र असतं. म्हणून निदान माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेत दोन-तीन यंत्रं परवाना असलेल्या विंडोजची असावीत, असं मला वाटतं. तत्त्वाचा आग्रह धरणाऱ्यांनी इथे मुलांच्या पोटाचा विचार आधी करावा.

यापेक्षाही जड आक्षेप न्यायाचा आहे. मुंबईच्या पाण्यातला जवळपास निम्मा वाटा एकट्या भातसा धरणाचा आहे. तानसाही शहापूर तालुक्यातलंच. ते पाणी जलवाहिन्यांतून शहराकडे जातं आणि दर उन्हाळ्यात शहापूरच्या पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते. ज्या शहराला आम्ही पाणी देतो, त्याने नको झालेले संगणक आमच्या कातकरी, ठाकर, महादेव कोळी मुलांना द्यावेत आणि वर त्याला मदत म्हणावं, हे का सोसायचं? हा प्रश्न विचारणाऱ्याला माझ्याकडे झटकून टाकणारं उत्तर नाही. जुनी यंत्रं चालवून दाखवली, की सरकारला नवी न देण्याचं निमित्त मिळतं, हीही भीती रास्त आहे. शिवाय जुन्या यंत्राचं वीजबिल असतं. काचेचा मॉनिटर आणि जुना डेस्कटॉप मिळून दीडशे-दोनशे वॅट सहज ओढतात. आजचा लॅपटॉप त्याच्या चौथ्या-पाचव्या हिश्श्यात भागवतो. जिथे वीज तासन्‌तास जाते आणि शाळा इन्व्हर्टरवर किंवा सौर पॅनेलवर चालते, तिथे फुकट आलेली दहा जुनी यंत्रं दोन चांगल्या लॅपटॉपपेक्षा महाग पडू शकतात. देणगी घेण्याआधी वॅट विचारावेत.

ओपन सोर्स म्हणजे कायमचा आधार, असंही नाही. डेबियनची तेरावी आवृत्ती ऑगस्ट २०२५ मध्ये आली आणि तिने ३२-बिट यंत्रांसाठीचा इन्स्टॉलर बंद केला. क्रोमने ३२-बिट लिनक्स २०१६ मध्येच सोडलं होतं, आता फायरफॉक्सनेही सोडलं. पेंटियम ४ च्या काळातल्या यंत्रांना आता खरोखर निरोप द्यायला हवा. त्यांच्यावर कुणाचा उत्साह आणि वेळ खर्ची पडू नये. मोझिलाचं बहुतांश उत्पन्न गुगलबरोबरच्या शोधसेवेच्या करारातून येतं. म्हणजे क्रोमला पर्याय म्हणून आपण ज्याच्याकडे पाहतो, तो क्रोमच्याच मालकाच्या पैशावर उभा आहे. एज, ऑपेरा, ब्रेव्ह हे सगळे गुगलच्याच क्रोमियम या पायावर बांधलेले. क्रोमियम ओपन सोर्स आहे, त्याचा मूळ कोड कुणालाही वाचता येतो. पण त्याची दिशा कोण ठरवतं, हा प्रश्न त्याने सुटत नाही. तरीही ४ जीबीच्या यंत्रावर आणि डोंगराआडच्या तुटक नेटवर्कवर मी फायरफॉक्स सुचवीन. त्यात यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती अडवणारा जोड पूर्ण ताकदीने चालतो. क्रोमने २०२४-२५ मध्ये जोडांचे नियम बदलून तो मूळ रूपात चालणं बंद केलं. जाहिराती अडल्या की रॅम वाचते, डेटा वाचतो आणि सरकारी योजनांच्या नावाने फसवणारी बरीच जाहिरात-पानंही समोर येत नाहीत.

ब्राउझरच्या बाबतीत सर्वात मोठी जबाबदारी मात्र वापरणाऱ्याची नाही, संकेतस्थळं बनवणाऱ्या सरकारी खात्यांची आहे. एके काळी कित्येक सरकारी संकेतस्थळं फक्त इंटरनेट एक्स्प्लोररवर चालायची. १५ जून २०२२ रोजी मायक्रोसॉफ्टनेच तो बंद केला आणि त्याच्या भरवशावर बांधलेल्या सगळ्यांची धावपळ झाली. त्यातून घ्यायचा धडा एवढाच होता की, कोणत्याही एका कंपनीच्या ब्राउझरला संकेतस्थळ बांधू नये. तो अजून पुरता घेतलेला दिसत नाही. महाडीबीटी असो वा आपले सरकार, प्रत्येक बदल फायरफॉक्सवर, ४ जीबीच्या यंत्रावर आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तपासून मगच लोकांपुढे यावा. अर्ज भरण्याची मुदत संपायच्या आदल्या रात्री टोकावड्याच्या केंद्रात जे पान उघडत नाही, ते मंत्रालयात उघडलं होतं याला काही अर्थ नाही.

बाहेरच्या अनुभवातून काय दिसतं? केरळने २००१ मध्ये आयटी@स्कूल हा उपक्रम सुरू केला आणि पुढे शाळांमधलं संगणकशिक्षण पूर्णपणे मुक्त सॉफ्टवेअरवर नेलं. आज तिथे ‘काइट’ ही सरकारी संस्था शाळांतल्या दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी स्वतःचं लिनक्स वितरण बनवते. उलट उदाहरण जर्मनीतल्या म्युनिक शहराचं. २००३ मध्ये त्यांनी लिनक्सकडे जायचं ठरवलं, दहा वर्षांत सुमारे १५ हजार यंत्रं बदलली आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतायचा ठराव केला. सॉफ्टवेअर दोन्हीकडे एकाच जातीचं होतं. केरळात अभ्यासक्रम त्यावर बेतला, शिक्षकांना प्रशिक्षण दिलं, दुरुस्तीची व्यवस्था उभी केली आणि सरकारं बदलली तरी धोरण टिकलं. म्युनिकमध्ये सत्तेतली माणसं बदलली आणि पाठबळ आटलं.

आपल्याला त्यासाठी केरळपर्यंत जायची गरज नाही. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी वस्तीवरची जिल्हा परिषद शाळा शिक्षक संदीप गुंड यांच्या प्रयत्नांतून डिजिटल झाली, ती गेल्या दशकाच्या पूर्वार्धात. विजेची खात्री नव्हती, तर सौर ऊर्जा घेतली. लोकवर्गणी जमवली, तयार महागड्या साधनांऐवजी स्वस्तातली साधनं जुळवली. पुढे राज्यभरातले शिक्षक ती शाळा पाहून आपापल्या गावी डिजिटल वर्ग उभे करू लागले. याउलट मुरबाड तालुक्यातलं धसई १ डिसेंबर २०१६ रोजी राज्यातलं पहिलं रोकडरहित गाव म्हणून जाहीर झालं, स्वाइप यंत्रं दुकानादुकानांत बसली आणि पुढच्या वर्ष-दोन वर्षांत गाव पुन्हा रोखीकडे वळल्याच्या बातम्या आल्या. धसईच्या व्यापाऱ्यांचा यात दोष नाही. नेटवर्क, शुल्क आणि बिघडलेलं यंत्र दुरुस्त करायला येणारा माणूस, या तिन्ही गोष्टींची सोय समारंभानंतर टिकायला हवी होती. माध्यमिक शाळांतल्या आयसीटी योजनेचंही तेच झालं. ठेकेदाराशी पाच वर्षांचा करार होता. तो संपला तशी यंत्रं शाळेकडे राहिली आणि ती चालवणारे संगणक निदेशक घरी बसले.

म्हणून माझा कौल असा. सेवा केंद्र आणि ग्रामपंचायत, म्हणजे जिथे बोटाचा ठसा, डिजिटल स्वाक्षरी आणि लोकांची खासगी माहिती हाताळली जाते, तिथलं एक यंत्र परवाना असलेल्या विंडोज ११ चं असावं. त्यावर खर्च करावा आणि टाळाटाळ करू नये. पूर्ण नवं परवडत नसेल, तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर कंपन्यांतून निघालेली आठव्या किंवा पुढच्या पिढीची डेस्कटॉप यंत्रं बिल आणि हमीसह मिळतात. शाळांच्या प्रयोगशाळा, वाचनालयं, आश्रमशाळांचे अभ्यासवर्ग इथली ६४-बिट यंत्रं लिनक्सवर न्यावीत, एसएसडी घालावी आणि माध्यमिक शाळांनी वर सांगितल्याप्रमाणे थोडी विंडोज यंत्रं राखावीत. २ जीबीच्या खालची आणि ३२-बिट यंत्रं काढून टाकावीत, पण नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकाराला द्यावीत आणि पावती घ्यावी. एकाच दिवशी सगळं बदलू नये. आधी एक यंत्र, त्यावर शाळेचाच प्रिंटर, शाळेच्याच फाइली, शालार्थ आणि यूडायस. महिनाभर काम नीट झालं, की मग बाकीची.

हे सगळं एका अटीवर उभं आहे. तालुक्याला किमान एक पगारी माणूस हवा. खोडरबर, सेल, स्क्रूड्रायव्हर आणि लिनक्सचा पेनड्राइव्ह घेऊन महिन्यातून एकदा प्रत्येक केंद्रशाळेत येणारा. आयटीआय किंवा संगणक पदविका झालेली मुलं दोन्ही तालुक्यांत आहेत आणि रोज पहाटेची कसारा लोकल किंवा कल्याणची एसटी पकडून शहरात कामाला जातात. परवान्यावर आणि नव्या यंत्रांवर वाचलेला पैसा त्यांच्या पगारात गेला, तर तो तालुक्यातच राहील. असा माणूस नसेल, तर लिनक्स टाकूच नका, असं मी स्पष्ट सांगेन. कारण पहिल्याच बिघाडाला कुणीतरी पुन्हा चोरीची विंडोज टाकेल आणि लिनक्स चालत नाही हा समज मात्र कायमचा बसेल.

शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि शाळेचा विकास आराखडा करणं हे त्या समितीचं काम आहे. शहापूर-मुरबाडच्या पालकांनी पुढच्या बैठकीत दोन गोष्टी मागाव्यात. झाकण उघडून तपासल्याशिवाय आणि काय तपासलं ते लिहिल्याशिवाय एकाही संगणकाचं निर्लेखन होऊ नये. आणि तालुका दुरुस्ती तंत्रज्ञाच्या पदासाठी जिल्हा नियोजन समितीकडे तरतूद मागणारा ठराव समितीने त्याच बैठकीत करून पंचायत समितीकडे पाठवावा.